काकांच्या ट्रंकेतली नळीवाली पँट

तळजाई

मंडळी, वायुसेनेतल्या कपड्यांबद्दल कुणाला माहिती असेल तर मदत करा.

कर्वेनगरची आमच्या काकूंची इमारत पुनर्विकासाला चाललीय, त्यामुळे माळ्यावरचं सगळं खाली आलं. त्यात काकांची काळी लोखंडी ट्रंक. काका खडकवासल्याहून, म्हणजे एनडीएतून, वायुसेनेत गेलेले फायटर पायलट. मिग-२१ उडवायचे. आठ वर्षांपूर्वी गेले. नोकरीबद्दल फार बोलायचे नाहीत. खोदून खोदून विचारलं तर "मेसचं जेवण चांगलं होतं" एवढं उत्तर मिळायचं.

ट्रंक उघडली तर डांबराच्या गोळ्यांचा भपकारा आणि त्याखाली एकेक चीज. निळसर करड्या जाड लोकरी कापडाचा कोट, बाहीवर दोन पट्ट्या. खाकी बुशशर्ट आणि खाकी हाफपँट. एक सुती ओव्हरऑल, गळ्यापासून खालपर्यंत एकच चेन, मांडीवर आणि पोटरीवर खिसे. त्याचा रंग इतका विटलाय की मूळचा निळा की राखाडी यावर घरात दोन तट पडलेत. मग एक हिरवं नायलॉनचं जाकीट, आतून भडक केशरी.

आणि सगळ्यात तळाशी ती पँट. गुडघ्यांच्या जागी मोठी भोकं, पोटावर रुंद पट्टा, दोन्ही पायांना बाजूने बुटाच्या लेससारखी दोरी ओवलेली, आणि कमरेपाशी एक रबरी नळी लोंबतेय. आत रशियन अक्षरांचा पुसट शिक्का. माझ्या भाच्याने बघताक्षणी विचारलं, "आजोबा गॅस सिलेंडरचं काम करायचे का?"

ही काय भानगड आहे? आणि बाकीच्या कपड्यांमधून काही काळ-वेळ कळते का?

जाता जाता एक रड. जाकिटाला कुबट वास येत होता म्हणून घराजवळच्या लाँड्रीत दिलं. त्या भल्या माणसाने त्यावर इस्त्री टेकवली. पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा चकचकीत डाग, कापड आकसून पापडासारखं कडक. जाब विचारला तर म्हणाला, "मॅडम, कापडच हलकं होतं."

नळस्टॉप

नळीचा विषय निघाला म्हणून नावाला जागून पहिला प्रतिसाद.

हा प्रेशर सूट असणार. मिग-२१ खूप उंच जायचं, अठरा-एकोणीस किलोमीटरपर्यंत. तिथे हवाच इतकी विरळ की अंगाला बाहेरून दाब द्यावा लागतो. सुरुवातीच्या मिग-२१ वैमानिकांचे ते गोल बंद हेल्मेट घातलेले फोटो पाहिले असतील, थेट अंतराळवीर वाटतात. तोच सूट हा.

सदाशिव_खडूस

आधी एक साधा प्रश्न. हा सरकारी माल घरी कसा आला?

फ्रेंच_चॉक

नळस्टॉपराव, निम्मं बरोबर आहे तुमचं. उंचीचं जे लिहिलंत ते सगळं खरं, पण ही पँट त्यातली नाही. तळजाईताई, हा जी-सूट आहे. मी वायुसेनेत सेफ्टी इक्विपमेंट सेक्शनला होतो. पायलटची हेल्मेटं, मास्क, पॅराशूट, लाइफ जॅकेट आणि हे जी-सूट आमच्या ताब्यात. असे किती हाताखालून गेले त्याचा हिशोब नाही. रशियन शिक्क्यातली पहिली तीन अक्षरं "पीपीके" अशी लागतात का बघा. जादा भाराविरुद्धचा सूट, असा त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ.

काम कसं करतो सांगतो. कात्रजच्या घाटात ड्रायव्हरने वळण जोरात घेतलं की आपण खिडकीवर दाबले जातो ना, तसं फायटर वळलं की पायलट खाली सीटमध्ये दाबला जातो. हा भार 'जी'त मोजतात, एक जी म्हणजे आपलं नेहमीचं वजन. सहा जी म्हणजे ७० किलोचा माणूस ४२० किलोचा. नुसतं अंग नाही, रक्तसुद्धा सहापट जड. हृदयाला ते डोक्यापर्यंत चढवता येत नाही, ते पोटात आणि पायांत उतरतं. आधी नजरेतले रंग जातात, मग कडेचं दिसेनासं होतं, मग अंधार. त्यापुढे शुद्ध.

या पँटमध्ये रबराच्या पाच पिशव्या असतात. एक पोटावर, दोन मांड्यांवर, दोन पोटऱ्यांवर. ती लोंबणारी नळी कॉकपिटमधल्या व्हॉल्व्हला जोडायची. व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंगवर एक वजन असतं. जी वाढला की वजन आपसूक खाली दबतं आणि इंजिनाकडून आलेली हवा पिशव्यांत भरते. पाय आणि पोट आवळलं जातं, रक्त वरच राहतं. पायलटला काही बटण दाबावं लागत नाही. भार कमी झाला की हवा आपोआप बाहेर.

पण सूट घातला म्हणजे झालं असं नाही. सूटचा स्वतःचा फायदा एक ते दीड जीचा. बाकी पायलटने पाय, पोट, पार्श्वभाग आवळून आणि श्वास रोखून कुंथायचं असतं. उतरल्यावर ओव्हरऑल पिळला तर पाणी निघेल असे घामाघूम होऊन यायचे.

आमचं काम गळती शोधणं. सूट फुगवायचा, नळी बंद करायची, घड्याळाकडे बघत बसायचं. दाब उतरला की पिशवी काढून फ्रेंच चॉक लावून तपासायची. रबर रबराला चिकटू नये म्हणून ती पावडर, त्यावरून हा आयडी.

खडूस साहेब, गळका सूट दुरुस्त होत नसला की कंडम होतो. कंडम मालाची पुढची वाट सगळ्यांची सारखी नसायची, एवढंच म्हणतो.

सदाशिव_खडूस

उत्तर पटलं नाही, पण आवडलं.

तळजाई

फ्रेंच_चॉक काका, शिक्का भिंगातून पाहिला. तीन अक्षरं आहेत, पहिली दोन सारखीच, कमानीसारखी. तिसरं आपल्या इंग्रजी 'के'सारखं. म्हणजे तेच!

पण मग तो प्रेशर सूट वेगळा कसा दिसतो?

फ्रेंच_चॉक

तो अख्ख्या अंगाचा असतो. हातापायांच्या बाहेरच्या बाजूने एक बारीक नळी मनगटापर्यंत, घोट्यापर्यंत जाते आणि तिच्यावरून आडव्या पट्ट्या गुंडाळलेल्या असतात. नळी फुगली की पट्ट्या ताणल्या जातात आणि सगळं कापड कातडीवर आवळतं. अंगाभोवती हवा भरायची नाही, कापडानेच दाबायचं. म्हणून त्याला पार्शल प्रेशर सूट म्हणतात. घालायला दोन माणसं लागायची आणि घालणारा शिव्या द्यायचा.

नळस्टॉप

चूक कबूल, काका. पण आता हा विषय माझ्या आवडीचा असल्याने थोडं पुढे रेटतो.

साधारण १९ किलोमीटर उंचीवर हवेचा दाब इतका उतरतो की ३७ अंशांना, म्हणजे आपल्या अंगाच्या तापमानालाच, पाणी उकळतं. तिथे नुसता ऑक्सिजन मास्क लावून भागत नाही. महायुद्धात हा प्रश्नच नव्हता, कारण पिस्टन इंजिनाची विमानं सहसा त्या उंचीच्या आसपासही जात नव्हती. युद्ध संपलं, जेट आली, रॉकेट विमानं आली आणि माणसाचं शरीर मागे पडलं. मग कपडा पुढे आला.

अमेरिकेत पार्शल प्रेशर सूट बनवण्यात ज्या कंपनीचं नाव झालं ती वूस्टर गावातली डेव्हिड क्लार्क कंपनी. तिचा मूळ धंदा काय? बायकांची अंतर्वस्त्रं. कापड अंगावर कुठे ताणायचं आणि कुठे सोडायचं याची समज तोफा बनवणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त, हे उघड आहे. पुढे याच कंपनीचे सूट घालून लोकांनी एसआर-७१ हे अमेरिकेचं टेहळणी विमान उडवलं.

आणि किटिंजरची गोष्ट. १६ ऑगस्ट १९६०. अमेरिकन वायुसेनेचा कॅप्टन जोसेफ किटिंजर बलूनमधून १,०२,८०० फुटांवर गेला, म्हणजे ३१ किलोमीटरच्या वर. अंगात पार्शल प्रेशर सूट. वर जाताना लक्षात आलं की उजव्या हातमोज्यात दाब धरत नाहीये. त्याने खाली कळवलं नाही, कारण मोहीम रद्द झाली असती. पंजा सुजून दुप्पट झाला, बोटं हलेनात. तरी उडी मारली. खाली आल्यावर काही तासांत हात पूर्ववत. सूट म्हणजे काय हे समजायला याहून चांगलं उदाहरण नाही. बाकी अंग शाबूत होतं, एका मोज्याएवढा भाग नव्हता.

टेरीकॉट

धागा वाचून राहवलं नाही. इचलकरंजीचा आहे, कापडात जन्म गेला, आता मुक्काम पिंपरी.

तळजाईताई, लाँड्रीवाल्याचा राग समजतो, पण त्याने नकळत इतिहासाचं प्रात्यक्षिक करून दाखवलंय. नायलॉन प्रकाराप्रमाणे २२० ते २६० अंशांना वितळतं. सुतीवर फिरवायची गरम इस्त्री २०० च्या आसपास असते, तेवढ्यात ते मऊ पडून चिकटतं. आता इस्त्रीच्या जागी कॉकपिटमधली आग आणि टेबलाच्या जागी माणसाची पाठ धरा. वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटतं आणि सोडवायला गेलं की कातडी घेऊन येतं.

मग नायलॉन आलंच का? महायुद्धात चामडं होतं. अमेरिकनांचं ए-२ जाकीट, ब्रिटिशांचं मेंढीच्या कातड्याचं अर्विन. उघड्या नाहीतर थंडगार कॉकपिटमध्ये ती हवीच होती. पण जेटचं कॉकपिट बंद, गरम आणि अडचणीचं. त्यात ते मेंढरू घेऊन बसणार कुठे? शिवाय चामडं जमिनीवर पावसात भिजलं की वर जाऊन गोठतं. म्हणून पन्नाशीच्या दशकात नायलॉनचं एमए-१ आलं. हलकं, पाणी न धरणारं, गळ्याला कॉलरऐवजी विणलेली पट्टी, कारण कॉलर पॅराशूटच्या पट्ट्यांत अडकते. पुढे त्याला आतून केशरी अस्तर दिलं. विमान पडलं की जाकीट उलटं करून घालायचं, शोधायला आलेल्यांना वरून दिसतं.

त्याच सुमारास अमेरिकनांचे पूर्ण केशरी ओव्हरऑलसुद्धा होते. व्हिएतनाममध्ये गेल्यावर उमगलं की मित्राला दिसतं ते शत्रूलाही दिसतं. मग हिरवे आले. एमए-१ ने ही भानगड आधीच सोडवली होती, बाहेरून हिरवं, आतून केशरी, कुठली बाजू लावायची ते नशीब बघून ठरवा.

आगीवरचं उत्तर मात्र १९६० नंतर मिळालं, ड्यूपाँटचं नोमेक्स. नायलॉनचंच चुलत भावंड, पण वितळत नाही. ३५० अंशांच्या पुढे करपतं, काळं पडून जाड होतं आणि त्या जाड थरामुळे आतल्या कातडीला काही सेकंद मिळतात. सेकंदच. पण जळत्या विमानातून बाहेर पडायला तेच लागतात. साठीच्या दशकाच्या शेवटी व्हिएतनामात नोमेक्सचे ओव्हरऑल आले आणि मग हळूहळू जगभर. आमच्या धंद्यातली गोम अशी की हा धागा रंग धरायला महाखट्याळ. साध्या रंगाईत तो दाद देत नाही.

अजून एक. नोमेक्सच्या आत टेरीकॉटची किंवा नायलॉनची बनियन घातली तर सगळं मुसळ केरात. म्हणून आतून सुती. तुमच्या काकांचा ओव्हरऑल सुती आहे म्हणता. तो काळ नोमेक्सच्या आधीचा किंवा नोमेक्स आपल्यापर्यंत न पोचलेला. सुती जळतं, पण वितळून चिकटत तरी नाही.

आणि ते जाकीट वायुसेनेचं नाही, लिहून घ्या. एमए-१ ची नक्कल आहे.

लोहगावचा_शेजारी

जाकिटाबद्दल टेरीकॉट यांच्याशी सहमत. असली जाकिटं जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी ढिगाने मिळायची. मी स्वतः घेतलंय, खांद्यावर कुठल्यातरी परदेशी पथकाचा बिल्ला होता. त्यावर कॉलेजात चार दिवस भाव खाल्ला.

अवांतर: सकाळपासून सुखोईच्या फेऱ्या चालू आहेत, हा प्रतिसाद तीनदा थांबून लिहिलाय. १९९७ साली पहिली सुखोई-३० लोहगावला आली तेव्हा आम्ही गच्चीवर पळत जायचो. आता खिडकी लावून घेतो.

माई_येरवडा

माझे यजमान वायुसेनेत एअरमन होते, अधिकारी नाही. तुम्ही सगळे आकाशात गेलात, मी जमिनीवरचं सांगते.

तळजाई, ती खाकी हाफपँट हातात घेऊन बघ. घडीवर कापड झिजून पांढरं पडलं असेल. तो कांजीचा परिणाम. ब्रिटिशांच्या वेळेपासून हिवाळ्यात निळे-करडे लोकरी आणि उन्हाळ्यात खाकी ड्रिल, आम्ही "केडी" म्हणायचो. कॅम्पातला धोबी तांदळाची कांजी अशी घालायचा की पँट जमिनीवर ठेवली तर आपली आपण उभी राहायची. घालताना पाय आत घालायचा तर आधी हाताने दोन्ही थर फाडल्यासारखे सोडवावे लागत, कर्रर्र आवाज यायचा. परेडच्या आधी हे बसायचे नाहीत, मांडीला घडी पडेल म्हणून. चहासुद्धा उभ्याने. आणि दुपारी दोनपर्यंत त्या कांजीला घाम लागला की मांड्या सोलपटून निघायच्या. मी खोबरेल घेऊन बसलेली.

पितळी बटणांना ब्रासो. बटणाखाली सरकवायची ती खाचेची पट्टी होती ना, ब्रासो कापडाला लागू नये म्हणून, ती माझ्या मुलाने पतंगाच्या फिरकीला लावली. त्या दिवशी घरात कोर्ट मार्शल झालं.

मग खाकी जाऊन निळं आलं, टेरीकॉट आलं. धुवा आणि वाळवा, इस्त्री नावाला. इथले एक टेरीकॉट रागावतील, पण त्या कापडाने माझ्यासारख्या किती जणींचे मनगट वाचवले त्याचा इतिहास कोणी लिहीत नाही. उन्हात मात्र अंग भाजायचं.

टेरीकॉट

माई, रागावतोय कसला, फ्रेम करून ठेवतो प्रतिसाद.

बाजीराव_रोड

माईंनंतर लिहायचं म्हणजे धाडस आहे. पण कोटाचं कोणीच बोललं नाही म्हणून.

बाहीवर दोन पट्ट्या म्हणजे फ्लाइट लेफ्टनंट. एक असेल तर फ्लाइंग ऑफिसर, दोनच्या मध्ये एक बारीक असेल तर स्क्वाड्रन लीडर, तीन म्हणजे विंग कमांडर. ही सगळी पद्धत ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सची. १ एप्रिल १९१८ ला ती स्थापन झाली, सुरुवातीला एक फिकट निळा, सोनेरी पट्ट्यांचा गणवेश काढला, तो कोणालाच आवडला नाही, आणि १९१९ मध्ये हा निळसर करडा आला. त्या फिकट निळ्याबद्दल एक दंतकथा सांगतात. झारच्या घोडदळासाठी विणलेलं कापड रशियन क्रांतीमुळे पडून राहिलं, ते स्वस्तात मिळालं म्हणे. पुरावा काही नाही, पण पुणेरी मनाला पटते.

भारतीय वायुसेना ८ ऑक्टोबर १९३२ ची. १९४५ मध्ये नावापुढे "रॉयल" लागलं, २६ जानेवारी १९५० ला गेलं. बिल्ल्यावरचा मुकुट जाऊन अशोकाचे सिंह आले. रंग मात्र तोच, पट्ट्या त्याच, हुद्द्यांची नावंही तीच. आश्चर्य नाही. स्वातंत्र्यानंतरही १९५४ पर्यंत वायुसेनेचे प्रमुख ब्रिटिशच होते. १ एप्रिल १९५४ ला सुब्रतो मुखर्जी पहिले भारतीय प्रमुख झाले. तोवर सगळ्यांच्या डोळ्यांना तो निळा आपला वाटायला लागला होता. ब्रीद मात्र गीतेतलं, अकराव्या अध्यायातलं, "नभःस्पृशं दीप्तम्". कोट विलायती, छातीवरची ओळ कुरुक्षेत्रावरची. मला हे मिश्रण आवडतं, मत माझं.

अमेरिकेचं उलट. तिथे वायुसेना सैन्याचीच शाखा होती, १८ सप्टेंबर १९४७ ला वेगळी झाली. घर वेगळं झालं पण कपडे भावाचेच, अशी अवस्था दीड वर्ष. १९४९ मध्ये निळा गणवेश मंजूर झाला तेव्हा कुठे वेगळेपण दिसलं. म्हणजे विभक्त झाल्याचा खरा कागद शिंप्याकडून आला. नव्वदच्या दशकात त्यांचे प्रमुख मॅकपीक यांनी खांद्यावरचे हुद्दे काढून बाहीवर चंदेरी पट्ट्या आणल्या. लोक म्हणाले, हे तर विमान कंपनीचे कॅप्टन. मॅकपीक १९९४ ला निवृत्त झाले आणि पाठोपाठ पट्ट्याही.

सगळ्यात भारी कॅनडा. १९६८ मध्ये त्यांनी तिन्ही दलं एक करून टाकली आणि सगळ्यांना एकच हिरवा गणवेश दिला. नौसैनिक हिरवा, वैमानिक हिरवा. धुसफुस चालत राहिली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यात वेगवेगळे रंग परत द्यावे लागले. कागदावर दलं एकत्रच, कपड्यांपुढे मात्र सरकारने हात टेकले.

नळस्टॉप

बाजीराव, म्हणजे दोन वेगळे इतिहास आहेत ना हे? ओव्हरऑल आणि जी-सूट विमान बदललं म्हणून बदलले. कोट देश बदलला तरी बदलला नाही.

बाजीराव_रोड

नेमकं. कोट लोकांना दाखवायला असतो, तो बदलायला पिढ्या लागतात. जी-सूट मुळात कपडाच नाही, विमानाचा सुटा भाग आहे, रोज अंगावर चढवायचा. विमान गेलं की तो गेला. मिग-२१ ला २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप दिला, त्याबरोबर तळजाईंच्या त्या पँटची नळी जोडायची जागाही गेली.

फ्रेंच_चॉक

सुटा भाग हा शब्द बरोबर. इजेक्शन सीटचंच बघा, म्हणजे संकटात पायलटला विमानाबाहेर फेकणारी सीट. त्या बनवणाऱ्या मार्टिन-बेकर कंपनीच्या बर्नार्ड लिंचने २४ जुलै १९४६ ला मीटिअर विमानातून ब्रिटनमध्ये पहिल्यांदा सीटसकट उडी घेतली. त्यानंतर पायलटच्या अंगावरची प्रत्येक सुटी गोष्ट संशयित झाली. बाहेर पडताना वाऱ्याचा तडाखा असा असतो की उघडा खिसा फाटून जातो. म्हणून ओव्हरऑलच्या खिशांना चेन. बसल्यावर छातीचा नि कमरेचा खिसा पट्ट्यांखाली जातो, म्हणून खिसे मांडीवर, पोटरीवर. पाय फाकून मोडू नयेत म्हणून पोटऱ्यांना गार्टर, ते सीटला जोडलेले. मऊ चामड्याची टोपी जाऊन कडक हेल्मेट आलं, आमच्याकडे "बोन डोम" म्हणतात, कारण जेटच्या हिसक्याने डोकं काचेवर आपटतं. महायुद्धात महिंदरसिंग पुज्जी पगडी बांधून फायटर उडवायचे. बोन डोम आल्यावर ती चैन संपली.

ताई, एक सांगा. पँटची लेस बाहेरून नीट ओवलेली आहे की सैल आहे?

माई_येरवडा

अवांतर आहे, पण आता मुलीही आल्या. जून २०१६ मध्ये तिघी फायटर पायलट झाल्या, खडकवासल्यात २०२२ पासून मुली आहेत. ही सगळी मापं पुरुषांच्या अंगावर बेतलेली. त्यांच्यासाठी कोणी फीत घेऊन बसलं असेल का, असं आपलं मनात आलं.

लोहगावचा_शेजारी

माई, +१.

खडकवासल्यावरून आठवलं. राकेश शर्मा तिथलेच आणि शुभांशु शुक्लाही तिथलेच. १९८४ ला एक सोव्हिएत सूट घालून गेले, २०२५ ला दुसरे अमेरिकन कंपनीचा. आपण आपला कधी घालणार, गगनयानची वाट बघतोय.

सदाशिव_खडूस

एक व्यावहारिक सूचना. भाचा कोट घालून कुठे मिरवणार असेल तर आवरा. सैनिक असल्याचा भास व्हावा या हेतूने गणवेश घालणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहिता कलम १६८. गॅदरिंगला नाटकात घातला तर हरकत नाही. २०२२ च्या वायुसेना दिनापासून डिजिटल ठिपक्यांचा नवा लढाऊ गणवेश आलाय, तसलं कापड रस्त्यावर घेऊन घालू नका, हेही सांगून ठेवतो.

तळजाई

सगळ्यांचे किती आभार मानू. काल रविवारी सगळा धागा काकूंना वाचून दाखवला. माईंचा कांजीचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला.

जाकिटाचा निकाल लागला. काकू म्हणाल्या, "ते होय? ते जुन्या बाजारातलं. चाळीस रुपयांना. निवृत्त झाल्यावर थंडीत स्कूटरवर घालायला आणलं होतं. खरं जाकीट जमा केलं ना त्यांनी." म्हणजे मी इतके दिवस लाँड्रीवाल्यावर ज्याच्यासाठी डाफरत होते ते चाळीस रुपयांचं होतं. "कापडच हलकं होतं" हे त्याचं म्हणणं बरोबर निघालं. त्याला सांगणार नाहीये.

ओव्हरऑलच्या रंगाचा वादही मिटला. खिशाची चेन उघडून आतली शिवण उसवून पाहिली, आत ऊन न लागलेलं बोटभर कापड निळं आहे. खिशात पेन्सिलीचं एक टोक सापडलं, बोटाच्या पेराएवढं.

फ्रेंच_चॉक काका, लेस नीट ओवलेली आहे, दोन्ही पायांना. खालच्या टोकाला गाठ मारून दोरी आत खोचलीय. भाच्याने घालून बघितली तर मांडीला ढिली आणि पोटरीला घट्ट.

फ्रेंच_चॉक

मग ती तुमच्या काकांच्याच मापाची आहे. नवीन सूट आला की पायलटला उभं करून आम्ही लेस ओढायचो. मांडीला एवढी, पोटरीला एवढी, दोन बोटं आत जातात का बघायचं, फुगवून बघायचं, मग गाठ मारून टोक आत खोचायचं. रोज घालताना-काढताना बाजूची चेन उघडायची, लेसला हात लावायचा नाही. एकदा मारलेली गाठ सहसा सूट कंडम होईपर्यंत तशीच. आमच्यातल्याच कुणीतरी मारलेली असणार ती.

भाच्याला घालायची असेल तर लेस सैल करून घ्या, काही बिघडत नाही. फक्त रबर आता कडक झालं असेल, फुगवायचा प्रयत्न करू नका.

तळजाई

काकूंना विचारलं. म्हणाल्या, चेनपुरतं घालू दे, गाठ नको सोडू.